विन्यालेस : तंबाखूच्या खोऱ्यातील एक गाव

प्रस्तावना

प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी शहरे, उंच इमारती, राजवाडे आणि समुद्रकिनारे उभे राहतात. परदेशप्रवासाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. परंतु एखाद्या देशाचा माणूस कसा जगतो हे समजून घ्यायचे असेल, तर तेथील शेतकऱ्याच्या बांधावर काही काळ उभे राहावे लागते. प्रस्तुत पाठात आपण कॅरिबियन समुद्रातील क्यूबा या देशातल्या विन्यालेस नावाच्या लहानशा गावाची ओळख करून घेणार आहोत. हे गाव त्याच्या निसर्गसौंदर्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. हे सौंदर्य कोणाच्या श्रमांवर उभे आहे आणि ते श्रम करणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न मनात ठेवून आपण हा पाठ वाचू या.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• विन्यालेसच्या खोऱ्याची भौगोलिक वैशिष्ट्ये सांगू शकाल.
• तंबाखूच्या पिकाचा रोपापासून सुकलेल्या पानापर्यंतचा प्रवास क्रमाने मांडू शकाल.
• शेती, साक्षरता आणि पर्यटन यांचा ग्रामीण जीवनाशी असलेला संबंध स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

बेटांचा प्रदेश

उत्तर आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांच्या मधल्या समुद्रात लहानमोठी असंख्य बेटे पसरलेली आहेत. भारताचा सागरी मार्ग शोधण्यासाठी निघालेला कोलंबस १४९२ साली या बेटांवर पोहोचला आणि आपण भारताजवळ आलो, असे त्याला वाटले. त्या समजुतीतूनच या बेटांना पुढे ‘वेस्ट इंडीज’ हे नाव मिळाले. क्रिकेटमुळे हे नाव आपल्या घराघरांत पोहोचले आहे. क्यूबा हे या प्रदेशातील सर्वांत मोठे बेट होय. १८९८ पर्यंत तेथे स्पेनची सत्ता होती; त्यामुळे आजही तेथील भाषा स्पॅनिशच आहे.

आपला आणि या प्रदेशाचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटतो; पण तो आपल्या ताटापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. मका, रताळे, मिरची, पेरू, पपई आणि तंबाखू ही सारी अमेरिका खंडाची देणगी. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली आणि येथे रुजली. ‘पपई’ हा शब्दही कॅरिबियन प्रदेशातूनच स्पॅनिश-पोर्तुगीज भाषांच्या वाटेने आपल्याकडे आला आहे. कोलंबसाच्या दोन सहकाऱ्यांनी १४९२ च्या नोव्हेंबर महिन्यात क्यूबाच्या अंतर्भागात माणसांना पानांची गुंडाळी पेटवून तिचा धूर ओढताना पाहिले. युरोपातील माणसांना तंबाखूची ओळख झाली ती या सुमारास. त्याच पानाच्या खोऱ्यात आता आपल्याला जायचे आहे.

खोऱ्याकडे जाणारा रस्ता

क्यूबाची राजधानी हवाना. तेथून पश्चिमेकडे सुमारे १८० किलोमीटर गेले, की पिनार देल रिओ या प्रांतातील विन्यालेस हे गाव लागते. घाटाचे शेवटचे वळण ओलांडताच खाली एक सपाट, तांबड्या मातीचे खोरे दिसू लागते. या सपाट शेतांच्या मधोमध, जणू कोणी आणून ठेवावेत असे उभ्या कड्यांचे आणि गोलसर माथ्यांचे हिरवेगार डोंगर उभे आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘मोगोते’ म्हणतात. त्यांपैकी काहींची उंची तीनशे मीटरच्या घरात जाते.

हे डोंगर असे एकेकटे कसे उभे राहिले? येथील खडक चुनखडीचा आहे आणि तो फार प्राचीन काळी समुद्राच्या तळाशी तयार झाला. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व त्यामुळे किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी चुनखडीला हळूहळू विरघळवते. लक्षावधी वर्षे हे काम चालू राहिले. खडकाच्या पोटात गुहा तयार झाल्या, त्या गुहांची छपरे कोसळली, मधला भाग झिजून सपाट झाला आणि उरलेले कठीण भाग डोंगरांच्या रूपाने मागे राहिले. या डोंगरांच्या पोटात आजही गुहांचे जाळे आहे. सांतो तोमास नावाच्या गुहेतील वाटांची लांबी ४५ किलोमीटरहून अधिक आहे.

या गुहांना माणसाच्या दुःखाचाही इतिहास आहे. स्पॅनिश सत्तेच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत राबवले जात असे. जे पळून जाण्यात यशस्वी होत, ते अशा दुर्गम डोंगरांत आणि गुहांत लपून वस्ती करत. क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली. पर्यटक आज ज्या गुहा कुतूहलाने पाहतात, त्या एके काळी कोणाचा तरी शेवटचा आसरा होत्या, हे विसरता येत नाही.

विन्यालेस गाव एका मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वसलेले आहे. घरे बहुतेक एकमजली, कौलारू आणि निरनिराळ्या रंगांत रंगवलेली. प्रत्येक घरापुढे खांबांवर उभा असलेला ओटा आणि त्या ओट्यावर झुलत्या खुर्च्या. संध्याकाळी शेतावरून परतलेली माणसे या खुर्च्यांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात. गावात चौक आहे, चर्च आहे. आणि गाव संपताच शेत सुरू होते. शेत आणि गाव यांच्यामध्ये फारसे अंतर नाही.

एका पानाचे वर्ष

येथील तंबाखूची शेती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील कॅनरी बेटांवरून आलेल्या स्थलांतरितांनी तिचा पाया घातला. तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला येथे ‘वेगेरो’ म्हणतात. त्याचे वर्ष या पिकाच्या तालावर चालते.

पावसाळा सरत आला, की सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गादीवाफ्यावर बी टाकले जाते. तंबाखूचे बी इतके बारीक असते, की चिमूटभर बियांतून शेकडो रोपे तयार होतात. सुमारे दीड महिन्यानंतर ही रोपे उपटून शेतात लावली जातात. मग रोज पिकाकडे लक्ष द्यावे लागते. खुरपणी, भर देणे आणि पाणी देणे ही कामे तर असतातच. शिवाय कळी दिसताच रोपाचा शेंडा खुडावा लागतो, म्हणजे झाडाची शक्ती फुलाऐवजी पानांत जाते. शेंडा खुडला की पानांच्या बगलेतून फुटवे येतात. तेही हातानेच काढावे लागतात. किडीसाठी प्रत्येक पान उलटून पाहावे लागते. पानाला भोक पडले किंवा ते फाटले, की त्याची किंमत उतरते.

जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणीचा हंगाम असतो. सगळी पाने एकाच वेळी पक्व होत नाहीत. खालची पाने आधी तयार होतात, वरची नंतर. त्यामुळे एकाच झाडाची दोन-तीन पाने तोडायची, काही दिवस थांबायचे आणि पुन्हा तोडायची, असा क्रम अनेक आठवडे चालतो. या पिकात यंत्राला फारसा वाव नाही, त्याचे कारण हेच आहे. कोणते पान आज तोडावे आणि कोणते चार दिवसांनी, याचा निर्णय शेतकऱ्याची अनुभवी नजरच घेऊ शकते.

तोडलेली पाने ‘तंबाखूघरा’त जातात. खोऱ्यात जागोजागी दिसणारी, पामच्या झावळ्यांनी शाकारलेली, उंच आणि उतरत्या छपरांची ही घरे म्हणजे विन्यालेसची खूणच होय. सुई-दोऱ्याने ओवलेली किंवा जोडीजोडीने बांधलेली पाने लांब काठ्यांवर टांगून या घरात खालपासून छपरापर्यंत रचली जातात. घराची बांधणी विचारपूर्वक केलेली असते. त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे सकाळी एका टोकाला आणि सायंकाळी दुसऱ्या टोकाला तेवढे ऊन लागते. मधल्या वेळी आतील हवा फार तापत नाही. दारे आणि झडपा उघडून-मिटून हवा आणि ओलावा यांचे प्रमाण राखले जाते. दीड ते दोन महिन्यांत हिरवे पान पिवळे पडते आणि मग तपकिरी होते. त्यानंतर पानांच्या थप्प्या रचून ती आंबवली जातात. या क्रियेत पानांचा उग्रपणा कमी होतो. पुढे पाने निवडून त्यांची प्रतवारी केली जाते. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. अखेरीस शाही पामच्या झाडावरून गळून पडणाऱ्या रुंद देठांत पानांचे गठ्ठे बांधले जातात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. तंबाखू आरोग्याला घातक आहे. ती कोणत्याही स्वरूपात सेवन केली, तरी कर्करोगासारख्या गंभीर आजारांना निमंत्रण देते. पिकवणाऱ्यालाही तिचा उपद्रव होतो. ओल्या पानांतील निकोटिन त्वचेतून शरीरात शिरल्यास तोडणी करणाऱ्यांना मळमळ, उलट्या आणि चक्कर असा त्रास होतो. निपाणी परिसरातील विडी-तंबाखूच्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना जो पेच पडतो, तोच येथेही आहे. पीक अपायकारक आहे, आणि पोट त्याच पिकावर आहे.

बैल, नांगर आणि ताट

विन्यालेसच्या शेतात आजही बैलजोडीच नांगर ओढते. आपल्याकडे जू बैलाच्या मानेवर, वशिंडापुढे ठेवतात. येथे ते डोक्यामागे ठेवून शिंगांना बांधतात. ओला माल वाहण्यासाठी चाके नसलेली लाकडी घसरगाडी बैलांना जुंपतात, कारण चिखलात चाके रुततात, घसरगाडी मात्र सरकत जाते. क्यूबातील अनेक गुरांना वशिंड असते. ही ‘झेबू’ वंशाची गुरे असून हा वंश मूळचा भारतीय उपखंडातील आहे.

बैलांचे हे दृश्य पाहून पर्यटक हरखून जातात आणि ‘काळ येथे थांबला आहे’ असे म्हणतात. खरी हकीकत अशी आहे, की काळ थांबलेला नाही. त्याने अनेक वळणे घेतली आहेत. पूर्वी क्यूबाला सोव्हिएत संघाकडून स्वस्त तेल आणि ट्रॅक्टर मिळत असत. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि तेल, सुटे भाग, खते यांची आवक एकाएकी आटली. देशभर ट्रॅक्टर उभे राहिले आणि शेतकऱ्यांना पुन्हा बैल शिकवून तयार करावे लागले. अमेरिकेने १९६२ पासून लादलेल्या व्यापारबंदीमुळे ही टंचाई अधिकच तीव्र झाली. नाजूक तंबाखूच्या शेतात बैल उपयुक्त आहेत हे खरे. पण अनेक शेतकऱ्यांसाठी बैल ही आवड नसून गरज आहे. पाहुण्याला जे चित्र दिसते, त्यामागे शेतकऱ्याची अशी अडचण उभी असते.

तंबाखूचा हंगाम संपला, की त्याच जमिनीत मका, रताळी, घेवडे, भोपळे ही पिके घेतली जातात. युका हे कंदमूळ येथील रोजच्या जेवणातले. आपण उपवासाला जो साबुदाणा खातो, तो याच कंदाच्या पिठापासून तयार होतो. येथे मात्र युका उकडून त्यावर लसूण आणि आंबट संत्र्याचा रस घालतात. काळा घेवडा आणि तांदूळ एकत्र शिजवलेला भात, तळलेली कच्ची केळी आणि शेवटी गडद, गोड कॉफी असा साधा बेत असतो. वाटेत तहान लागली तर चरकातून काढलेला उसाचा रस मिळतो. त्याचे नाव ‘ग्वारापो’ एवढेच काय ते नवे. चव आपल्या ओळखीचीच.

जमीन कोणाची, पीक कोणाचे?

१९५९ पूर्वी क्यूबातील शेतजमिनीचा फार मोठा भाग मोजक्या जमीनदारांच्या आणि परदेशी कंपन्यांच्या ताब्यात होता. असंख्य शेतकरी कुळे म्हणून किंवा हिश्श्याने जमीन कसत. फिदेल कॅस्ट्रो यांच्या नेतृत्वाखाली क्रांती झाल्यानंतर १७ मे १९५९ रोजी जमीन सुधारणा कायदा करण्यात आला आणि कसणाऱ्या अनेक कुळांना जमिनीची मालकी मिळाली. मोठी शेते सरकारने आपल्याकडे घेतली. तंबाखूचे पीक मात्र बव्हंशी लहान शेतकऱ्यांच्याच हाती राहिले.

जमीन शेतकऱ्याची असली, तरी पीक विकण्याचे स्वातंत्र्य त्याला नाही. साधारणपणे नव्वद टक्के पीक ठरलेल्या दराने सरकारी यंत्रणेला द्यावे लागते. उरलेला सुमारे दहावा हिस्सा तो स्वतःसाठी ठेवू शकतो. सरकारकडून बियाणे, खत आणि कर्ज मिळते, आणि बाजारातील चढउतारांपासून संरक्षणही मिळते. पण ज्या पानापासून बनवलेली एक सिगार युरोपातील दुकानात मोठ्या किमतीला विकली जाते, त्या किमतीशी पिकवणाऱ्याच्या मिळकतीचा मेळ बसत नाही. कापूस पिकवणारा आणि कापड विकणारा यांच्या कमाईतील अंतर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पानांसोबत गेलेले शब्द

निवडलेली पाने सिगारच्या कारखान्यात पोहोचतात. तेथे एक आगळी प्रथा आहे. सिगार वळण्याचे काम हाताचे आणि डोळ्यांचे. कान मात्र मोकळे असतात. हे लक्षात घेऊन १८६५ साली हवानातील एका कारखान्यात कामाच्या वेळी मोठ्याने वाचन करण्याची पद्धत सुरू झाली. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून वाचकाला पैसे देत. तो उंच आसनावर बसून सकाळी वर्तमानपत्र आणि नंतर कादंबरी वाचून दाखवी. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या कामगारांनीही अशा रीतीने जगातील श्रेष्ठ साहित्य ऐकले. ‘माँटेक्रिस्टो’ या प्रसिद्ध सिगारचे नाव अलेक्झांडर द्यूमा या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवरून पडले आहे. ही वाचनाची प्रथा आजही क्यूबातील कारखान्यांत चालू आहे.

कारखान्यातील कामगाराच्या कानी पुस्तक पडत होते. पान पिकवणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत मात्र ते पोहोचले नव्हते. १९५३ च्या जनगणनेनुसार क्यूबाच्या ग्रामीण भागात शंभरांपैकी सुमारे बेचाळीस माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९६१ साली तेथे साक्षरतेची देशव्यापी मोहीम हाती घेण्यात आली. सुमारे एक लाख तरुण विद्यार्थी शहरांतून खेड्यापाड्यांत गेले. ते दिवसा शेतकऱ्यांबरोबर शेतात राबत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांना अक्षरे शिकवत. गावांत वीज नव्हती. म्हणून प्रत्येकाला एक कंदील देण्यात आला होता, आणि तो कंदीलच या मोहिमेचे प्रतीक बनला. अभ्यासक्रमाच्या अखेरीस प्रत्येक प्रौढ विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने एक पत्र लिहायचे, हीच परीक्षा होती. त्यांतील असंख्य पत्रे हवानातील साक्षरता संग्रहालयात जतन केलेली आहेत. या एका वर्षात सात लाखांहून अधिक माणसे लिहा-वाचायला शिकली. पाठ्यपुस्तकांतून नव्या राजवटीचा प्रचारही केला जात होता, ही गोष्ट खरी. परंतु आलेले अक्षर कोणालाच परत घेता येत नाही. नांगर धरून घट्टे पडलेल्या हातांनी पन्नाशी-साठीत पेन्सिल धरणे किती कठीण आणि किती आनंदाचे असते, हे ज्यांनी उशिरा शिक्षण सुरू केले, त्यांना अधिक चांगले उमगेल.

पाहुण्यांचे गाव

१९९९ साली युनेस्कोने विन्यालेसच्या खोऱ्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. हा समावेश ‘सांस्कृतिक भूदृश्य’ या वर्गात झाला, ही बाब महत्त्वाची आहे. केवळ डोंगर सुंदर आहेत म्हणून हा मान मिळालेला नाही. त्या डोंगरांच्या मधील जमीन पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट पद्धतीने कसली गेली, तशी घरे बांधली गेली आणि ते जीवन आजही चालू आहे, यासाठी तो मिळाला. शेतकऱ्याने शेत सोडले तर मोगोते तसेच राहतील. खोरे मात्र तसे राहणार नाही.

१९९७ पासून क्यूबात नागरिकांना आपल्या घरातील खोल्या पाहुण्यांना रीतसर भाड्याने देण्याची मुभा मिळाली. विन्यालेसमध्ये घरोघरी अशा खोल्या तयार झाल्या. पाहुणा घरातच राहतो, घरचेच जेवतो. शेतकरी त्याला तंबाखूघर दाखवतो, पान कसे वळतात ते करून दाखवतो आणि स्वतःच्या वाट्याच्या दहाव्या हिश्श्यातील सिगार त्याला विकतो. यातून गावात पैसा आला, घरांना रंग लागले. त्याचबरोबर एक नवी विषमताही आली. ज्याच्या घरात जादा खोली आहे, त्याची एका रात्रीची कमाई शेतमजुराच्या अनेक दिवसांच्या मजुरीहून जास्त होऊ लागली. साहजिकच तरुणांची पावले शेताऐवजी पाहुण्यांकडे वळली. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे पाहुणे येणे थांबले, तेव्हा मात्र खोल्या ओस पडल्या आणि घराला आधार उरला तो शेताचाच.

वादळ आणि त्यानंतर

कॅरिबियन समुद्रात जून ते नोव्हेंबर या काळात चक्रीवादळे येतात. त्यांच्यापासून बचाव करण्यासाठी येथील शेतकऱ्यांनी फार पूर्वी एक युक्ती शोधून काढली. ते शेतात एक बुटकी झोपडी बांधतात. तिला भिंती नसतातच. दोन्ही बाजूंनी उतरते छप्पर थेट जमिनीला टेकलेले असते. वाऱ्याला आपटण्यासाठी भिंत मिळत नाही. तो छपरावरून घसरून निघून जातो. वादळात घरातील माणसे तिच्यात आसरा घेतात.

माणसे अशा रीतीने वाचतात. उंच तंबाखूघरे मात्र वाचत नाहीत. २७ सप्टेंबर २०२२ रोजी ‘इयन’ हे भीषण चक्रीवादळ पिनार देल रिओ प्रांतावर आदळले. प्रांतातील हजारो तंबाखूघरे कोसळली आणि साठवलेली पानेही भिजली. लावणीचा हंगाम नुकताच तोंडावर आला होता. शेते शाबूत होती. पण पान वाळवायला घरच नसेल, तर पीक लावून उपयोग काय? लाकूड, खिळे, इंधन, सगळ्याचीच टंचाई होती. त्या हंगामात लागवड मोठ्या प्रमाणात घटली. शेतकऱ्यांनी पडलेल्या घरांचेच वासे निवडून, शेजाऱ्यांच्या मदतीने एकेक घर पुन्हा उभे केले.

संकट केवळ वादळाचे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये संपूर्ण देशाची वीजयंत्रणाच कोलमडली. औषधे, अन्नधान्य आणि इंधन यांच्या टंचाईमुळे क्यूबातील माणसे मोठ्या संख्येने देश सोडून जाऊ लागली. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत देशाची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक घटली. जाणाऱ्यांत तरुणांचे प्रमाण मोठे आहे. पान कधी तोडावे हे ओळखणारी नजर पुस्तकातून मिळत नाही. ती बापाच्या बरोबरीने शेतात उभे राहून तयार होते. शिकणारा मुलगाच गावात नसेल, तर हे ज्ञान कोणाला द्यायचे, असा प्रश्न आज वेगेरोपुढे आहे.

समारोप

विन्यालेसला जाणारा पाहुणा घाटमाथ्यावरून छायाचित्र काढतो. त्यात डोंगर येतात, तांबडी माती येते, बैलजोडी येते आणि पामच्या छपरांची घरे येतात. पहाटे उठून किडीसाठी प्रत्येक पान उलटून पाहणारा माणूस, ठरलेल्या दराने द्यावे लागणारे पीक आणि कोसळलेल्या घराचे जपून ठेवलेले वासे त्यात येत नाहीत. ते पाहायचे तर घाट उतरून खाली जावे लागते, ओट्यावर बसावे लागते आणि विचारावे लागते. आपणही कोणत्याही गावाला, मग ते दूरदेशीचे असो वा शेजारच्या तालुक्यातले, भेट देऊ तेव्हा हे तीन प्रश्न जरूर विचारावेत : येथे काय पिकते? ते कोण पिकवते? आणि पिकवणाऱ्याला त्यातून काय मिळते? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की गावाची खरी ओळख होऊ लागते.

शब्दार्थ

गादीवाफा – रोपे तयार करण्यासाठी केलेला उंच वाफा
फुटवे – झाडाला बगलेतून येणारे नवे कोंब
प्रतवारी – गुणांनुसार केलेली विभागणी
शाकारणे – झावळ्या, गवत इत्यादींनी छप्पर आच्छादणे
वशिंड – बैलाच्या पाठीवरील उंचवटा
कूळ – दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा शेतकरी
भूदृश्य – जमिनीच्या एखाद्या भागाचे नजरेस पडणारे समग्र रूप

स्वाध्याय

१. मोगोते कसे तयार झाले ते चार-पाच वाक्यांत लिहा.
२. तंबाखूघराची लांबी पूर्व-पश्चिम का ठेवतात?
३. ‘बैल ही आवड नसून गरज आहे’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. सिगार कारखान्यातील वाचनाची प्रथा आणि १९६१ ची साक्षरता मोहीम यांविषयी आपले मत मांडा.
५. आपल्या परिसरातील एखाद्या पिकाचा पेरणीपासून विक्रीपर्यंतचा प्रवास, तो पिकवणाऱ्या शेतकऱ्याशी बोलून, सुमारे पंधरा ओळींत लिहा.